सूर्यावर उडायचं, तर रात्र काढता आली पाहिजे

विमानात खिडकीशी बसलं आणि पंखावरचं झगझगीत ऊन डोळ्यांत गेलं, की एक प्रश्न कुणालाही पडतो. एवढा मोठा पंख, वर ढगांचा अडथळा नाही, ऊन फुकट. मग इथे सोलर पॅनेल का बसवत नाहीत?

उत्तर आकडेमोडीत आहे आणि ती पाचवीच्या गणितापलीकडची नाही. एअरबस ए३२० या नेहमीच्या प्रवासी विमानाच्या पंखांचं क्षेत्रफळ साधारण १२० चौरस मीटर असतं. वातावरणाच्या बाहेर सूर्यासमोर धरलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १,३६० वॅट ऊर्जा पडते. जमिनीवर पोचेपर्यंत, निरभ्र दुपारीही, तिची साधारण १,००० वॅट होते. विमान उंचावर असतं, म्हणून आपण उदारपणे १,३०० धरू. सूर्यही अगदी डोक्यावर आहे असं मानू. चांगला सौर सेल या उन्हाच्या जेमतेम पाव हिश्शाची वीज करतो. सगळं गुणून हातात येतात सुमारे ४० किलोवॅट.

आता खर्च बघा. सत्तरेक टनांचं ते विमान ताशी ८०० किलोमीटरच्या वर पळवत ठेवायला साधारण १०,००० किलोवॅट लागतात. म्हणजे पंख इंच न इंच झाकले, तरी भर दुपारी मिळणार गरजेचा अडीचशेवा हिस्सा. पॅनेलचं वजन तर आपण अजून धरलेलंच नाही.

तेव्हा आहे त्या विमानावर पॅनेल चिकटवून काही होत नाही. गणित उलटं मांडावं लागतं. एवढीच वीज मिळणार आहे, तर एवढ्याशा विजेवर तरंगत राहील असं विमान कसं असेल?

त्यासाठी आधी एक गोष्ट पाहू. विमानाचं इंजिन उडताना नेमकं करतं काय? इंजिन बंद केलं म्हणून विमान दगडासारखं कोसळत नाही. ते घरंगळत पुढे जात राहतं आणि हळूहळू खाली येतं. जणू हवेतल्या एका लांबलचक, अदृश्य उतारावरून सायकल पायडल न मारता चालली आहे. सरळ पातळीत उडणं म्हणजे दर सेकंदाला विमान जेवढं खाली आलं असतं, तेवढंच इंजिनाने त्याला पुन्हा वर ढकलणं. म्हणून लागणारी शक्ती दोनच गोष्टींवर ठरते: विमानाचं वजन किती आणि इंजिनाशिवाय ते सेकंदाला किती खाली येतं. सौर विमान बांधणाऱ्यांची सगळी धडपड हे दोन आकडे खाली आणण्याची आहे.

खाली येण्याचा वेग कमी करायचा तर पंख लांब आणि अरुंद हवेत. पंखाच्या खालची जास्त दाबाची हवा टोकाकडून वळसा घालून वर पळते, तिथे भोवरे तयार होतात आणि त्यांत ऊर्जा वाया जाते. पंख जितका लांबट, तितका या गळतीचा वाटा कमी. घार आणि गिधाड तासन् तास पंख न हलवता कसे तरंगतात, त्याचं एक कारण त्यांच्या ऐसपैस पंखांत आहे. दुसरा उपाय म्हणजे सावकाश उडणं. सावकाश म्हणजे किती? हमरस्त्यावरची मोटारही विमानाला मागे टाकून पुढे जाईल, इतकं.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘सोलर इम्पल्स २’. स्वित्झर्लंडच्या बर्ट्रांड पिकार आणि आंद्रे बोर्शबर्ग यांनी आलटून पालटून चालवत ते पृथ्वीभोवती नेलं. त्याचं वजन सुमारे २,३०० किलो, म्हणजे एका मोठ्या मोटारीएवढं. आणि पंखांची या टोकापासून त्या टोकापर्यंतची लांबी जवळपास ७२ मीटर, म्हणजे बोइंग ७४७ या जम्बो जेटपेक्षाही जास्त! त्यावर १७,२४८ सौर सेल होते, एकेक केसापेक्षा थोडाच जाड.

याचा जमाखर्च मांडून पाहू. समजा, प्रोपेलर फिरवणाऱ्या विजेच्या मोटारी बंद केल्यावर हे विमान सेकंदाला ४० सेंटिमीटर खाली येतं. मग त्याला पातळीत ठेवायला लागतील साधारण ९ किलोवॅट. प्रोपेलर आणि मोटारी स्वतःचा हिस्सा खातात, तेव्हा प्रत्यक्षात आणखी थोडे. जमेच्या बाजूला सुमारे २७० चौरस मीटर सेल आहेत. भर दुपारी ते भरपूर वीज देतात, पण रात्री शून्य. चोवीस तासांची सरासरी काढली तर दर चौरस मीटरला अंदाजे २५० वॅट ऊन पडतं. त्याचे २३ टक्के धरले तर येतात १५ किलोवॅट. पंधरा आले, नऊ-दहा गेले. उरलेल्यात बॅटरीत वीज भरताना आणि काढताना होणारी तूट, यंत्रणेचा खर्च, वैमानिकाला लागणारी वीज आणि एखाद्या ढगाळ तासाची भरपाई.

या विमानाचा थोरला भाऊ ‘सोलर इम्पल्स १’ तर याहून काटकसरीचा होता. चोवीस तासांच्या सरासरीने त्याच्या मोटारींना मिळे फक्त ८ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ६ किलोवॅट. राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाचं इंजिन १२ अश्वशक्तीचं होतं.

वजनाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण या विषयातला खरा खलनायक तोच आहे. वाटतं असं की वजन दुप्पट झालं तर शक्तीही दुप्पट लागेल. तसं होत नाही. पंख तोच आणि वजन दुप्पट, तर तेवढी उचल मिळवायला विमानाला वेगही वाढवावा लागतो. त्यामुळे शक्तीची गरज दुपटीवर न थांबता सुमारे २.८ पट होते. म्हणजे ‘थोडी बॅटरी जास्त टाकू’ म्हटलं की वजन वाढतं, वजन वाढलं की वीज जास्त लागते, वीज जास्त लागली की आणखी बॅटरी. सावकारी कर्जासारखं आहे हे. मुद्दल राहतं बाजूला आणि व्याजावर व्याज चढत जातं.

मग सगळं विमानच मोठं केलं तर? तिथे भूमिती आडवी येते. लांबी, रुंदी, जाडी सगळं दुप्पट केलं की पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. ऊन क्षेत्रफळावर पडतं, ओझं मात्र घनफळाचं वाहायचं. ऊन चौपट मिळणार आणि शक्ती अकरापटीहून जास्त लागणार. म्हणून वाढायचं तर फक्त पंख पसरत न्यायचे आणि बाकीचं सगळं कागदासारखं हलकं ठेवायचं. ‘सोलर इम्पल्स २’च्या बांधणीत कार्बन तंतूंचे जे पातळ थर वापरले, त्यांचं वजन चौरस मीटरला २५ ग्रॅम होतं. छपाईचा साधा कागद ८० ग्रॅमचा असतो. इथे ‘कागदासारखं’ म्हणणं म्हणजे उलट वजन वाढवून सांगणं झालं.

पण हे सगळं जमलं तरी फक्त दिवसाचा प्रश्न सुटतो, आणि तो तुलनेने लवकर सुटला होता. पूर्णपणे सौर विजेवर उडालेलं पहिलं विमान ‘सनराइज’. १९७४ साली कॅलिफोर्नियात उडालेलं ते विनावैमानिक विमान. पुढे अमेरिकी अभियंते पॉल मॅक्रेडी यांच्या गटाने ‘सोलर चॅलेंजर’ बांधलं. ७ जुलै १९८१ रोजी स्टीफन टासेक यांनी ते पॅरिसजवळून उडवून, इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडमधल्या मॅन्स्टनला उतरवलं. अंतर २६२ किलोमीटर, वेळ ५ तास २३ मिनिटं. गंमत अशी की त्यात बॅटरी नव्हतीच. सेलमधून येईल ती वीज थेट मोटारीला. ऊन गेलं की उतरायचं. वजनाच्या हिशोबाने हे फार शहाणपणाचं होतं, आणि रात्रीच्या हिशोबाने निरुपयोगी.

त्यानंतर माणूस घेऊन उडणाऱ्या सौर विमानाला एक अख्खी रात्र हवेत काढायला २०१० साल उजाडलं. त्या जुलैत ‘सोलर इम्पल्स १’ सलग २६ तास उडालं. दिवसाच्या उड्डाणापासून रात्रीच्या उड्डाणापर्यंत तीन दशकं लागली, ती मुख्यतः बॅटरीसाठी.

‘सोलर इम्पल्स २’मध्ये ६३३ किलो लिथियम बॅटऱ्या होत्या, म्हणजे विमानाच्या एकूण वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त. त्यांत मावत होती सुमारे १६४ किलोवॅट-तास वीज. वीजबिलाच्या भाषेत १६४ युनिट. जेट इंधनाच्या एका किलोत साधारण १२ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ६३३ किलोच्या बॅटरीत जेवढी ऊर्जा, तेवढी १४ किलो, अर्थात १७-१८ लिटर इंधनात! इंधनाचं इंजिन बरीच ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि विजेची मोटार फारच कमी घालवते, हे धरलं तरी तुलना ६३३ विरुद्ध चाळीसेक किलोवर येऊन थांबते. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं. रिकामी बॅटरी भरलेल्या बॅटरीइतकीच जड.

मग रात्र काढायची कशी? इथे वैमानिकांनी एक जुनाच साठा वापरला: उंची. दिवसा बॅटऱ्या भरत असतानाच विमान ८,५०० मीटरपर्यंत चढवायचं. सूर्य मावळला की मोटारींचा जोर अगदी कमी करून ते हळूहळू १,५०० मीटरपर्यंत उतरू द्यायचं. सव्वादोन टन ७ किलोमीटर वर नेऊन ठेवण्यात सुमारे ४४ युनिट साठतात. म्हणजे बॅटरीच्या पाव हिश्शाहून जास्त साठा, आणि त्यासाठी एका ग्रॅमचीही भर नाही. धरणाचं पाणी वर साठवून मग सोडावं, तसंच हे. फक्त इथे पाण्याच्या जागी विमान स्वतः. रात्रीचे पहिले काही तास या उताराने निघतात आणि बॅटरीला हात लावायची पाळी उशिरा येते.

आणि मग येते पहाट. सौर विमानाची खरी परीक्षा मध्यरात्री होत नाही, ती इथे होते. आपल्याला वाटतं, सूर्य उगवला की सुटलो. पण आडव्या पंखावर उगवतीचं ऊन तिरपं घसटून जातं. सूर्य क्षितिजाच्या १० अंश वर असताना पंखाला डोक्यावरच्या उन्हाच्या सहाव्या हिश्शाएवढंच ऊन मिळतं, आणि तेही हवेच्या जाड थरातून गाळून आलेलं. त्यामुळे उजाडल्यावरही बराच वेळ बॅटरी उतरतच राहते. खाली जाणारी बॅटरी आणि वर येणारा सूर्य यांची बरोबरी जिथे होते, त्या क्षणी बॅटरीत काही शिल्लक असली पाहिजे. माझ्या मते या विमानाची प्रत्येक वस्तू, पंखाच्या लांबीपासून वैमानिकाच्या खुर्चीपर्यंत, त्या एका तासासाठी घडवलेली असते. बाकीचे तेवीस तास त्या मानाने सोपे. सकाळी वर ढगांचा थर असेल तर तो तास लांबतो. हिवाळा असेल तर रात्रच लांबते आणि दुपारचा सूर्यही खाली असतो. म्हणून महासागर ओलांडायचे ते उन्हाळ्याच्या मोठ्या दिवसांत.

‘सोलर इम्पल्स २’ने ९ मार्च २०१५ रोजी अबू धाबी सोडलं. मस्कत, अहमदाबाद, वाराणसी, मंडाले असे टप्पे घेत ते चीनमध्ये नानजिंगला पोचलं. तिथून थेट हवाईला जायचं होतं, पण वाटेत हवामान बिघडल्याने जपानमध्ये नागोयाला उतरावं लागलं. जूनच्या अखेरीस बोर्शबर्ग नागोयाहून निघाले आणि ११७ तास ५२ मिनिटांनी, ३ जुलैला, हवाईला उतरले. जवळजवळ पाच दिवस आणि पाच रात्री, एकट्याने, ३.८ घनमीटरच्या खोक्यात. दोघं का नाही? दुसऱ्या माणसाचं वजन, त्याचं पाणी, त्याचा प्राणवायू. तिथेही पुन्हा तोच हिशोब. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, म्हणून उंचावर प्राणवायूचा मुखवटा. झोप म्हणजे एका वेळी वीस मिनिटांची डुलकी. आसनाखालीच शौचाची सोय.

त्याच उड्डाणात बॅटऱ्या तापून बिघडल्या. कारण चटका लावणारं आहे. रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत बॅटऱ्या गारठू नयेत म्हणून त्यांच्याभोवती उष्णतारोधक आवरण होतं. पहिल्याच दिवशी विमान झपाट्याने वर चढवलं, बॅटऱ्यांतून जास्त वीज ओढली गेली, त्या तापल्या, आणि ती उष्णता त्या आवरणामुळे बाहेर पडेना. थंडीसाठी केलेली तयारी उन्हात नडली. दुरुस्ती आणि नव्या बॅटऱ्या होईपर्यंत उन्हाळ्याचे मोठे दिवस सरले. विमान हवाईतच थांबलं आणि पुढची मजल थेट एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. २६ जुलै २०१६ ला ते अबू धाबीला परतलं. एकूण १७ टप्पे, सुमारे ४३,००० किलोमीटर, हवेतले साडेपाचशेहून जास्त तास. सरासरी वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास.

आता या हलकेपणाची दुसरी बाजू. ए३२०च्या पंखाचा एक चौरस मीटर सुमारे सहाशे किलो पेलतो. ‘सोलर इम्पल्स २’चा पेलायचा साडेआठ किलो. भारदस्त मालट्रक आणि पतंग यांना एकच वाऱ्याचा झोत कसा वेगवेगळा लागतो, ते आठवा. उतरताना बेताचा आडवा वाराही अशा विमानाला नकोसा. वळताना ते थोडंसंच कलवायचं, जास्त कललं तर सावरणं कठीण. म्हणून निघायचं ते बहुधा पहाटेपूर्वी, वारा पडलेला असताना. आणि वाट ठरवायला जमिनीवर हवामानतज्ज्ञांचा एक सबंध गट बसलेला.

पतंगाचं काय होऊ शकतं ते ‘नासा’च्या ‘हेलिऑस’ने दाखवलं. हे नुसता पंखच असलेलं विनावैमानिक विमान होतं, ७५ मीटर लांब. २००१ च्या ऑगस्टमध्ये ते २९,५२४ मीटर उंच गेलं. पंखांच्या विमानांसाठी ही थक्क करणारी उंची आहे. दोन वर्षांनी, २६ जून २००३ ला, रात्रीही उडत राहण्यासाठी त्यावर इंधनघट, म्हणजे हायड्रोजनपासून वीज करणारं उपकरण, बसवून चाचणी चालू होती. हवेतल्या खळबळीत तो लवचीक पंख धनुष्यासारखा वर वाकला, वाकलेलाच राहिला, आणि विमान नाक वर-खाली करत हेलकावू लागलं. प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा. वेग मर्यादेपलीकडे गेला, पंखावरचं आवरण आणि सेल उखडले, आणि ‘हेलिऑस’ हवाईच्या काउआई बेटाजवळ समुद्रात पडलं. रात्रीसाठी चढवलेलं वजन आणि त्याची मांडणी यांचा त्या अपघाताशी संबंध होता. रात्र इथेही आडवी आलीच.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे हवामानाच्याच वर जाणं आणि माणसाला खाली ठेवणं. साधारण २० किलोमीटर उंचीवर, स्थितांबरात, ढग जवळपास नसतात आणि वारेही त्या मानाने शांत असतात. मात्र तिथली हवा समुद्रसपाटीच्या मानाने चौदा पट विरळ. तरंगायला जवळजवळ चौपट वेग लागतो, म्हणजे शक्तीही तितकीच जास्त. थंडी उणे ५० अंशांखाली. हे जमतं ते फक्त कमालीच्या हलक्या विमानाला. ‘झेफायर’ हे असं विमान आहे. पंख २५ मीटर, वजन ७५ किलोच्या आत. उडताना चारपाच माणसं ते हातात धरून धावतात आणि सोडून देतात. चाकं नाहीतच, कारण चाकांनाही वजन असतं. २०२२ च्या उन्हाळ्यात हे विमान अमेरिकेतल्या ॲरिझोनातून उडालं आणि ६४ दिवस हवेत राहिलं. शेवटी ते कोसळलं खरं, पण तोवर चौसष्ट पहाटा त्याने पार केल्या होत्या.

असं विमान माणसं वाहून नेणार नाही. काही किलोंचा कॅमेरा किंवा फोनच्या टॉवरचं काम करणारं उपकरण एवढंच त्याला झेपतं. पण एकाच प्रदेशावर आठवडेच्या आठवडे घिरट्या घालणं उपग्रहाला सहज जमत नाही आणि इंधनाच्या विमानाला परवडत नाही. वणव्यावर किंवा समुद्रावर नजर ठेवायला नेमकं तेच हवं असतं. हवाई प्रवास मात्र सौर होईल असं मला वाटत नाही. सेल पाव हिश्शाऐवजी शंभर टक्के ऊन पकडू लागले, तरी सुरुवातीचा तो अडीचशेवा हिस्सा साठाव्या हिश्शावर येऊन थांबेल, आणि तोही दुपारी बारा वाजता.

‘सोलर इम्पल्स २’ २०१९ मध्ये ‘स्कायड्वेलर’ या कंपनीने विकत घेतलं आणि ते वैमानिकाशिवाय उडेल असं बदललं. बोर्शबर्ग पाच रात्री जिथे बसले होते, तिथे मग कुणी बसेनासं झालं. त्या माणसाचं, त्याच्या खुर्चीचं, पाण्याचं आणि प्राणवायूचं वजन दुसऱ्या कामाला मोकळं झालं.